ॲपवाल्या बाई

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात त्या बाई दोनच दिवस आल्या होत्या. कामगार मशीनपासून किती वेळ लांब असतो हे मोजणारं ॲप मालक आणणार होते. ते आम्हाला झेपतंय का, हे बघायचं काम बाईंना दिलं होतं. त्या कुणाच्या नोकरीत नव्हत्या. जो बोलावेल त्याच्यासाठी देशोदेशी जायचं आणि फोन वापरणारी माणसं बघत बसायचं, हाच त्यांचा धंदा. स्क्रीनकडे त्या बघतच नसत. आमच्या अंगठ्याकडे बघत, आणि तो बटणापाशी अडखळला की पेनाचं टोपण दातात धरत.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"लय भारी हाय," मी म्हणालो. "आवं मॅडम, च्या घ्या की."

त्यांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"जपानात लोक वाकून आभार मानतात, केनियात घरच्यांची चौकशी करतात, तुम्ही चहा पाजता," त्या म्हणाल्या. "अर्थ सगळीकडे एकच: 'हे ॲप आम्हाला नको.'"

"मग तसं लिवा की."

"दरवेळी लिहिते. ॲप बनवणारे ते वाचतात आणि बटणाचा रंग बदलतात."

मग गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

दिवाळीनंतर ॲप आलं. आता मुतारीला गेलो तरी खिशात फोन थरथरतो. निळं बटण तेवढं हिरवं झालंय. शिकवायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"लय भारी हाय," मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.