प्रश्न विचारला त्यांना

माझे मिस्टर नाशिकच्या भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. कोथिंबीर, मेथी, शेपू, शंभर जुड्यांचा भाव. आवाज एवढा खणखणीत की घरी साधं पाणी मागितलं तरी शेजारणीला कळायचं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी भर लिलावात त्यांची जीभ वळेना. 'चारशे' म्हणायचं होतं, नुसतं 'चा, चा' निघत राहिलं. उजव्या हातातली जुडी गळून पडली. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. व्यापारी हसले, आज लवकर घेतली वाटतं, म्हणाले. दारूला कधी न शिवलेला माणूस. घाबरले होते म्हणून मला तरी सांगितलं. वर म्हणाले, "कुणाजवळ बोलू नकोस. पित्त असेल."

महिन्याभराने छातीत धडधडायला लागलं, तेव्हा मी मागे लागून त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम निघाला.

"ठोके अनियमित पडताहेत," डॉक्टर म्हणाले. "अशाने हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सगळ्यांना सारखा नसतो, म्हणून थोडं विचारतो."

वय विचारलं. बासष्ट. बीपी नाही, साखर नाही, चालताना दम लागत नाही. डॉक्टर लिहीत होते.

"कधी बोलताना जीभ अडखळली? हातातली ताकद गेली? थोड्या वेळापुरती का होईना?"

"नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टर, मागच्या महिन्यात यांना..."

"तिला उगाच घाबरायची सवय आहे," हे हसून म्हणाले. डॉक्टरही हसले. "वहिनी, काळजी करू नका. धोका कमी आहे, ॲस्पिरिन पुरे." आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मी उठले. निमूटपणे पर्स उचलून उठले. त्या उठण्याचा राग मला आजही येतो.

चार महिन्यांनी, सकाळी दाढी करताना ते मोरीतच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आधी असं काही झालं होतं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे माहीत असतं तर धोका जास्त धरला असता. रक्त पातळ ठेवणारी गोळी तेव्हाच सुरू केली असती."

मी जुना केसपेपर घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, पूर्वी पक्षाघाताची लक्षणं नाहीत.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"त्यांना विचारलं होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तोंड उघडलं तर तुम्ही हसलात."

"पेशंटने नाही म्हटल्यावर मी काय करणार?"

"माझं वाक्य पुरं होऊ द्यायचं," मी म्हटलं. ते कागद सारखे करत बसले. माफी मागितली नाही. मीही थांबले नाही.

हे काठीने चालायला लागले. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचं. शब्द एकेक करून परत येत होते. तिसऱ्या महिन्यात एकदा मी त्यांना वरण-भात भरवत असताना त्यांनी पहिलं सबंध वाक्य जुळवलं. बराच वेळ ओठ हलत होते. मला वाटलं, पाणी हवंय.

"तू... का नाही... सांगितलंस?"

मी ताट खाली ठेवलं आणि गच्चीवर गेले. आयुष्यभर मला गप्प बसवलं, आणि आता हे. खाली आले तेव्हा भात गार झाला होता आणि ते डाव्या हाताने सांडत सांडत जेवत होते. मी मदत केली नाही. समोर बसून म्हटलं, "सांगत होते. तुम्ही हसलात."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही, हे खरंच लिहायला हवं. दया नंतर आली, बऱ्याच महिन्यांनी, आणि तीही थोडी थोडी.