काशीराम खलाशी घाट चढतो

काशीरामनं काठीच्या टोकाला बांधलेली मिठाची पुरचुंडी पोटरीवरच्या जळवेला टेकवली. जळू आकसली आणि गळून पडली. रक्ताचा ओघळ त्यानं तंबाखूच्या चिमटीनं दाबला नि दुसऱ्या पायाकडे वळला. तिथं अजून तीन. तेवढ्यात खालून एसटीची घरघर आली. सगळं तसंच टाकून तो कारवीच्या झुडपात उकिडवा बसला, इरलं डोक्यावर ओढून. धुकं एवढं की हातभर पुढचं दिसत नव्हतं, तरी लपला. गाडीनं वळणावर दोनदा लांब भोंगा वाजवला आणि वर गेली. समोर माणूस नाही, गुरं नाहीत, तरी भोंगा.

"उगीच बोंबलता," तो पुटपुटला. पण उठला. आता त्यालाही वर जायला हरकत नव्हती. आंबोलीच्या थांब्यावर गाडी लागली की मागोमाग आपण गावात शिरायचं, म्हणजे गाडीतूनच उतरलो असं दिसतं.

कारण काशीरामला गाडी लागायची. जामसंड्याचा हा माणूस तीस वर्षं गलबतावर होता. मंगलोरपर्यंत जाऊन आलेला. वादळात डोलकाठीवर चढून यानं अडकलेलं शीड सोडवलं होतं, पण पोटातलं पाणी हललं नव्हतं. आणि पहिल्यांदा एसटीत बसला, तर कणकवली यायच्या आधीच शेजारच्या मास्तरांच्या धोतरावर भडाभडा ओकला. खलाशी आहे हे कळल्यावर अख्खी गाडी हसली. नशीब, गावातलं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तो गाडीत चढला नाही आणि का ते कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. गावातले म्हणायचे, काशीराम चिकट, भाडं वाचवतो. साफ खोटं. चिकट माणूस लेकीसाठी कुळथाच्या पिठाची पिशवी छातीशी धरून पाच दिवस पावसात डोंगर तुडवत नाही.

लेक म्हणजे सुगंधा. तिला आंबोलीला दिलेली. जावई सत्यवान मूळचा वेंगुर्ल्याचा, एसटी थांब्याजवळ त्याचं चहाचं हॉटेल. तो अठ्ठावन्न सालचा श्रावण. सुगंधाला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून आई आनंदीनं पत्र टाकलं की न्यायला येतो. उत्तर आलं, मी येत नाही. का, ते लिहिलेलं नाही. आनंदी दोन दिवस जेवली नाही. काशीरामनं मनाशी धरलं, सासरचे धाडत नाहीत. गलबतं नारळी पुनवेपर्यंत वर ओढलेली, त्याला सवड होती. तो निघाला.

येताना मात्र गाडीशिवाय इलाज नव्हता. सात महिन्यांच्या बाईला कोण चालवत आणेल? त्यानं बेत करून ठेवला होता. पोटाला पंचा आवळून बांधायचा, नाकाशी लिंबू धरायचं, जामसंडं येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एवढं करून लेकीसमोर ओकलो तर ओकलो. पंच्याच्या टोकात ते लिंबू बांधलेलं होतं आणि चालताना तो मधूनमधून चाचपून बघायचा.

सडकेवर ओळखीचे भेटतात म्हणून कणकवलीच्या पुढे तो डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं जायचा. तांबडं फुटताना उठायचं. कालचं ओलं धोतर पुन्हा अंगावर, कोरडं गाठोड्यात, ते फक्त झोपताना. दुपारी पावसानं उसंत दिली की तीन दगड मांडून पेज, सोबत लोणच्याची फोड. संध्याकाळी देऊळ दिसेल तिथं मुक्काम. पहिले दोन दिवस मांड्या भरून यायच्या, कारण याची चाल डेकावरची, पाय फाकून. डोंगरात झोप तर येतच नसे. लाटांचा आवाज नाही. मग खळखळत्या वहाळाच्या बाजूला डोकं करून पडायचा, तेव्हा कुठं डोळा लागायचा.

आदल्या वर्षी लेकीचं घर बघायला पहिल्यांदा आला तेव्हा एका वहाळाला पूर होता. काशीराम ओहोटीची वाट बघत अर्धा दिवस दगडावर बसून राहिला. गुरं राखणारी एक म्हातारी त्याला बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"बाबा, ह्या पाण्याक ओहोटी नाय. वरचो पाऊस थांबलो काय उतरात," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. या वर्षी तो त्याच दगडावर बसला, पण डोंगराकडे बघत.

हात मोकळे राहिलेले त्याला आवडायचे नाहीत. काथ्याची तीनपेडी वेणी घालत चालायचा. एक टोक कमरेला बांधलेलं, वळलेली दोरी कमरेभोवतीच गुंडाळत जायची. पाळण्याची दोरी. जामसंड्याच्या घरात आढ्याला टांगायची होती. चढावर काठी धरायला लागायची तेव्हा काम थांबायचं, सपाटी आली की पुन्हा. पाचव्या दिवशी कमरेभोवती सहा वेढे झाले होते.

तो हॉटेलाशी पोचला तेव्हा एसटीतली माणसं चहा पीत होती.

"मामानू, गाडी वेळेर इली मां?" सत्यवाननं विचारलं.

"इली. बरी इली."

सत्यवाननं त्याच्या रक्ताळलेल्या पोटऱ्या बघितल्या. बादलीभर ऊन पाणी आणून सासऱ्याच्या पायाशी ठेवलं. काशीरामला वाटलं, दाखवायला करतो. लेकीला धाडत नाही नि वर पाय धुवायला पाणी. त्यानं पाय बुडवले, पण जावयाकडे बघितलं नाही.

सुगंधा चांगली दिसत होती, गालावर मांस आलेलं. सासू यमुनाबाईनं तिला पाटावरून उठू दिलं नाही, स्वतः वाढलं. हेही काशीरामला सोंगच वाटलं. सकाळी सासू गोठ्यात गेल्यावर तो चुलीपाशी जाऊन बसला. सुगंधा कुळथाची पिठी ढवळत होती.

"तुका न्हेवक इलंय. आजच्या गाडयेन जावया."

"माका येवचा नाय, बाबा."

"सासू धाडणा नाय?"

"त्यांनी काय म्हणूक नाय."

"मगे घोवान आडवल्यान?"

"कोणी नाय. माकाच नको." ती ढवळतच राहिली. मान वर केली नाही.

काशीरामनं पंच्यातलं लिंबू चाचपलं. आता गाडीत बसायचं नाही. आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्यानं पुन्हा आग्रह केलाच नाही. लेक माहेरी येत नाही म्हणते नि बापाला हायसं वाटतं! त्यानं कमरेची दोरी सोडली, सहा वेढे काढून तिच्या मांडीवर ठेवले. हिकडेच बांध, म्हणाला.

निघताना सत्यवान म्हणाला, पुढच्या सीटवर बसवून देतो, हादरे लागणार नाहीत.

"म्हातारो समाजतंस माका?" काशीराम खेकसला. खालच्या वळणावर गाडी धरतो म्हणाला आणि चालू पडला. लिंबू त्यानं घाटात चोखून टाकलं.

बाळंतपणाला आनंदी वर गेली, एसटीनं. मुलगी झाली. पाळणा त्याच दोरीला. सुगंधा नंतरही कधी जामसंड्याला आली नाही. काशीराम मात्र दर श्रावणात जायचा. लेकीला नि नातीला भेटायचा. पण जावयानंच तिला आडवलं हे त्याच्या मनातून गेलं नाही, त्याच्याशी नऊ वर्षांत एक शब्द सरळ बोलला नाही.

सदुसष्टच्या पावसात दोन दिवसांच्या तापानं काशीराम गेला. आंबोलीला तार केली. आठव्या दिवशी दुपारी सुगंधा नि सत्यवान अंगणात उभी राहिली. पाय सुजलेले, पोटऱ्यांवर जळवांचे डाग. आनंदीनं विचारलं, गाड्या बंद आहेत की काय.

"माका गाडी लागता, आये," सुगंधा म्हणाली. "लग्नाच्या वऱ्हाडात घाटार ओकलंय ती पुरी आंबोली येयसर. बाबांका खंयच्या तोंडान सांगू? खलाशाचा चेडू मी."

सत्यवाननं गाठोडं खाली ठेवलं. मामांनाही लागायची, तो हळूच म्हणाला. सुगंधासुद्धा त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्याच वर्षी त्यानं हॉटेलामागच्या कड्यावरून सासऱ्याला कारवीत लपताना बघितलं होतं. बायकोनं शपथ घातलेली, म्हणून तिचं त्यांना सांगता येत नव्हतं. आणि मामा स्वतः बोलत नाहीत, तर त्यांचं तिला कशाला सांगायचं? जावई वाईट ठरला तर ठरला.

भोंग्याचं कळलं ते आणखी पुढं, आंबोलीच्या गाडीचा जुना ड्रायव्हर एकदा बोलता बोलता म्हणाला तेव्हा. दर श्रावणात महिनाभर त्या वळणावर दोन लांब भोंगे द्यायचे, असं सत्यवाननं त्याला सांगून ठेवलं होतं. धुक्यात गाडी गेलेली कळली नाही, तर मामा झुडपात भिजत बसून राहतील म्हणून.