बारकी जांभळे

पिकल्या जांभळांचा आंबूस वास आला की मी बी.ए. झालो तो जून महिना आठवतो. पालघरच्या ज्या सरांनी मला घरी बसवून मॅट्रिकपर्यंत शिकवले, ते वसईकडचे ख्रिस्ती होते आणि त्यांच्याकडे नाताळसाठी जांभळांची लाल वाइन घरीच करीत. निकाल कळताच आईने आमच्या शिरगावच्या वाडीतली फक्त मोठी, टपोरी जांभळे निवडली आणि पाटी डोक्यावर घेऊन माझ्यासोबत त्यांच्या घरी आली. सरांच्या पत्नीने एक चाखले आणि त्या ओशाळून म्हणाल्या, "गोड आहेत हो, पण यांची वाइन पांचट होते. जीभ ओढणारं जांभूळ लागतं." आईचा चेहरा उतरला. सर तिची समजूत घालत होते, तोच बाईंचे लक्ष तिच्या पदराच्या गाठीकडे गेले. "त्यात काय बांधलंय?" "काय नाय बाय, वाटेत खायला घेतली. बारकी, तुरट हायत. मास्तरांना काय अशी देतात?" बाईंनी गाठ सोडायला लावली, एक तोंडात टाकले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अहो, हीच तर हवी होती!" "आगो बाय! ही तर आमी तुडवत जातो," आई म्हणाली आणि खळखळून हसली. दुसऱ्याच दिवशी तिने बारक्या जांभळांच्या दोन पाट्या पोचवल्या. त्या वर्षी गावात माझ्या पदवीचा विषय निघाला की ती घाईने "हां, झाला पास" म्हणे आणि मग सावकाश सांगे, "मास्तरांच्या घरी माझीच जांभळं लागतात." तेव्हा मी थोडा खट्टू होई, आता मीही ती गोष्ट तिच्याच क्रमाने सांगतो.