लंबूची आस

काटेमास्तरांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात भिंतीवरची बावीस घड्याळं बावीस वेगवेगळ्या वेळा दाखवायची. खरी वेळ हवी असली की मास्तर समोरच्या शिंप्याला विचारायचे. "लोहाराच्या घरी विळा लाकडाचा," असं बायको म्हणायची, आणि ते मास्तरांना कौतुकच वाटायचं.

रविवारी दहाला मात्र शिस्त यायची. सुभेदार आणि लंबू, दोघेही फौजेतून निवृत्त. दोघांच्या मनगटावर एकाच खेपेतली घड्याळं: काळी तबकडी, पांढरे आकडे, फौजेनं मोडीत काढल्यावर विकत घेतलेली. दोघं बाकावर बसून किल्ली ओढायचे, सेकंदकाटे बाराला थांबवायचे.

"तीन, दोन, एक... दाब!" सुभेदार गरजायचे.

"जुळली!"

मग चहा. जगात किती वाजलेत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकमेकांशी जुळलं की झालं.

मागच्या हिवाळ्यात लंबू गेला. त्याच्या मुलीनं त्याचं घड्याळ मास्तरांकडे आणून दिलं. "काका, बाबांना इथंच करमायचं," म्हणाली. मास्तर रोज सकाळी त्याला किल्ली द्यायचे.

आणि एके दिवशी सुभेदारांचं घड्याळ न्हाणीघराच्या फरशीवर पडलं. आतल्या डुलत्या चक्राची आस, केसाएवढी दांडी ती, मोडली. मास्तरांनी ओळखीच्या सगळ्या घड्याळजींची दुकानं पालथी घातली. तसली आस एकच शिल्लक होती. लंबूच्या घड्याळात.

"म्हणजे त्याला उघडून काढायची?" सुभेदारांचा आवाज उतरला.

"त्याला नाही हो, घड्याळाला."

"तेच ते."

"मग लंबूचंच घड्याळ बांधा की मनगटावर."

"दुसऱ्याची वस्तू वापरली तर आमच्या फौजेत शिक्षा व्हायची, मास्तर! आणि माझं असं मेलेलं ठेवू?"

चहा न घेताच ते उठले. मास्तरांना आठवडाभर चैन पडेना. लांबच्या नातेवाइकाचं ऑपरेशन लांबल्यासारखा चेहरा करून ते वावरत होते.

रविवारी दहाच्या ठोक्याला सुभेदार हजर. मनगट मोकळं. म्हणाले, "वस्तू वापरायची नाही हे खरं. पण फौजेत सुटा भाग मागून घेता यायचा. मागायला मात्र लागायचं."

त्यांनी लंबूचं घड्याळ उचललं, कानाशी धरलं. "लंब्या, आस घेतो रे."

बराच वेळ ते टिकटिक ऐकत राहिले. मास्तर उगाचच भिंग पुसत होते.

"बसवा," सुभेदार शेवटी म्हणाले.

दोन तास लागले. लंबूचं घड्याळ थांबलं, सुभेदारांचं चालू झालं. झाकण लावण्याआधी घड्याळजी आतल्या बाजूला दुरुस्तीची तारीख कोरतात. मास्तरांनी सुई टेकवली.

"थांबा. तिथं लंब्याचा फौजेतला नंबर घाला." सुभेदार उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तसा एकेक आकडा खणखणीत बोलले.

मास्तरांनी कोरला. सुभेदारांनी भिंगातून पाहिलं. "तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत."

"झाकणाच्या आत कोण बघतंय?"

"पुढचा घड्याळजी बघेल ना. त्याला कळायला नको, कुणाकडून घेतली ते?"

मास्तरांनी सुई पुन्हा उचलली आणि प्रत्येक आकडा ठळक केला.