एकाच गाडीतले दोन वकील

समोरच्या पक्षाच्या वकिलाच्या गाडीत बसून मी सोलापूरहून अक्कलकोटच्या कोर्टात गेलो आणि वाटेत माझ्याच अशिलाची केस त्याला सांगून टाकली.

खापर फोडायला एक पुस्तक होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र मी तेव्हा वाचत होतो. नव्यानं वसणाऱ्या ओसाड मुलखात तो घोड्यावरून गावोगावच्या कोर्टांना जायचा, विरोधी वकिलाला सोबत घेऊन. दिवसा एकमेकांचे वाभाडे काढायचे, रात्री खानावळीत एकाच खाटेवर झोपायचे. पुढं हा गडी विधिमंडळात गेला आणि कुंपणांचा कायदा करून आला. वकिली असावी तर अशी, असं मला वाटलं. घोडा नव्हता, पण समोरचा वकील माजी आमदार होता आणि त्याच्या गाडीत एसी होता.

माझा अशील एक म्हातारा मेंढपाळ. ओढ्याकडं जाणारी त्याची वाट शेजारच्या बागायतदारानं गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस तारा ठोकून बंद केलेली. उन्हाळा तोंडावर, मेंढरांना दुसरं पाणी नाही. निकाल लागेपर्यंत वाट खुली ठेवावी, एवढाच आमचा अर्ज.

"गेल्या साली कुठून नेली हो त्यानं मेंढरं?" वळसंगच्या पुढं आमदारांनी सहज विचारलं.

"आठवडाभर चुलत्याच्या रानातून. पडीक होतं, म्हणून जाऊ दिलं. यंदा तिथं ऊस आहे."

"असं होय," म्हणाले आणि मला पेपरमिंटची गोळी दिली.

कोर्टात त्यांचं पहिलंच वाक्य: "अर्जदाराला दुसरी वाट आहे. गेल्या साली तो तिथूनच गेला. माझे विद्वान मित्र नाकारणार नाहीत."

उसाचं अवाक्षर नाही. मी उठून ऊस सांगितला. न्यायाधीशांनी कागद मागितला. माझ्या खिशात गोळीचा कागद होता. अर्ज फेटाळला.

बाहेर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नका. परत सोबतच जाऊ." त्या हाताला कडकडून चावावंसं वाटलं. त्याहून राग आला त्या पुस्तकाचा. एवढ्या जाडजूड चरित्रात, दोन वकील सोबत येताना बघून अशिलांना काय वाटायचं, याची एक ओळ नाही. कुंपणाचा कायदा कुणाच्या सोयीचा होता, हेही नाही. आणि हे मला आत्ता सुचत होतं, मेंढरांचं पाणी तुटल्यावर.

म्हातारा लिंबाखाली बसला होता. सकाळी त्यानं आम्हाला एकाच गाडीतून उतरताना पाहिलं होतं. मी शरमेनं त्याला सगळं सांगितलं, गाडीतलं बोलणं आणि अमेरिकेतला वकीलसुद्धा. त्यानं काठीवर हनुवटी टेकून ऐकून घेतलं.

"घोडा त्येचा सोताचा हुता का?"

"हो."

"मग तुमीबी फुडच्या तारखेला यष्टीनं येवा. तिकीट मी काढतो. आन् येताना तोंड मिटून बसा."