बिनकामाच्या ठरवलेल्या फाइली

नवरा हवाई दलात. त्याची बदली लखनऊला झाली, तेव्हा मी तिथल्या आलमबाग भागात, मेट्रोच्या खांबांसमोरच्या एका छोट्या कंपनीत कोडिंगची नोकरी मिळवली. चाळिशी ओलांडलेली मी, आणि टीम लीड माझ्या भाच्याच्या वयाचा. पूर्वी मी बँकेत होते हे कळल्यापासून त्याचं एकच पालुपद: "मॅडम, आप अकाउंट्स देख लीजिए ना!" मला कोडच लिहायचा होता.

म्हणून बंडलरचं काम मी मागून घेतलं. बंडलर म्हणजे कोडच्या विखुरलेल्या फाइली शोधून, जोडून ब्राउझरला देणारं साधन. आमच्याकडे एका फाइलला दुसरी हवी असली, की फोल्डरमागून फोल्डर चढउतार करावी लागायची. मी सरळ छोटे पत्ते ठरवून दिले. सगळ्या फाइली बिनबोभाट सापडू लागल्या. काय खूश झाले मी!

क्लायंट यायच्या दिवशी सकाळी शेवटचं बिल्ड केलं, म्हणजे सगळ्या फाइली बांधून वेबसाइट तयार केली, पान उघडलं, तर पांढऱ्यावर नुसती काळी अक्षरं. ना रंग, ना रूप. लीड म्हणाला, "आपका सेटअप हटाकर पुराना लगा देते हैं. और आप सोमवार से अकाउंट्स." असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, "एक घंटा रुकिए."

माझ्या मशीनवर तेच पान नटूनथटून दिसत होतं. म्हणजे शेवटची बांधाबांध करताना स्टाइल्स, म्हणजे पानाला रंगरूप देणाऱ्या फाइली, फेकल्या जात होत्या. शोधता शोधता एक ओळ सापडली, आकार कमी करायला माझ्या सेटअपमध्ये लीडनेच घातलेली: जिच्यातलं काहीच दुसऱ्या फाइलने नाव घेऊन वापरलेलं नाही, ती फाइल टाकून द्या. आता स्टाइलच्या फाइलचं नाव कोण घेतं? ती नुसती आणून ठेवायची, की पान सजतं. बंडलरने त्या सगळ्या बिनकामाच्या ठरवल्या होत्या. मी त्यांना नियमातून सूट दिली आणि पुन्हा बिल्ड केलं. पान जागच्या जागी झळकलं.

दुपारी क्लायंटने विचारलं, "ये सेटअप किसने किया?"

लीड लगेच, "हमारी टीम ने, सर."

इतक्या बदल्या झाल्या, सामान मी बांधलं, घरं मी लावली, आणि कोणी विचारलं की मीच म्हणायचे, 'आम्ही केलं.' त्या दिवशी नाही जमलं.

"मैंने किया है," मी म्हणाले. अभिमानाने ऊर भरून आला होता. आवाज जरा मोठाच लागला.

क्लायंटने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पुढचे सगळे प्रश्न मलाच विचारले. अकाउंट्सचा विषय लीडने पुन्हा काढला नाही.