चौथी खुंटी

"दाखव हात," साहेब म्हणाला.

मी दोन्ही हात पुढे केले. टेबलाभोवती आम्ही बारा बायका. अकराजणींचं काम थांबलं. त्यानं माझ्या हाताला हात लावला नाही. खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं माझी बोटं एकेक करून उलटी केली. नखं बघितली. मग माझ्या समोरचा चालू मॉनिटर उचलून सगळ्यांना दाखवला. काळ्या स्क्रीनवर, खाली उजव्या कोपऱ्यात, पांढरट डाग होता. रुपयाएवढा.

"बघा," तो म्हणाला. "यांच्यात चामडं ताणायची सवय. ही काच पण तशीच ताणते."

दोघीतिघी हसल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तो केबिनमध्ये गेला तरी माझे हात पुढेच होते. खाली घे असं कुणी म्हणालं नव्हतं ना. त्याच्या वाक्याचा राग येतो, पण त्या माझ्या हातांचा जास्त येतो. कशाला धरून ठेवले होते मी?

मिरजेजवळच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी जो मॉनिटर असतो, नाडी, बीपी, ऑक्सिजन दाखवणारा, तो आम्ही जुळवतो. माझं काम केसमध्ये स्क्रीन बसवायचं. केस म्हणजे प्लास्टिकचा डबा. डब्यात चार कोपऱ्यांना चार खुंट्या, त्यावर स्क्रीनची पत्र्याची चौकट ठेवायची, चार स्क्रू आवळायचे, वायर जोडायची, झाकण लावायचं. आयटीआय करून मी इथं लागले. पाच वर्षं झाली. पहिली चार वर्षं माझा एक पीस परत आला नव्हता.

मग साहेब आला. मालकांचा भाचा. पुण्यात शिकलेला इंजिनिअर. त्यानं डबा बदलला. जुना डबा जाड होता, ओबडधोबड होता, पण त्यात स्क्रीनच्या चारही बाजूंनी फोमची जाड पट्टी असायची. यानं डबा बारीक केला. पट्टी काढून टाकली. दिसायला देखणा झाला हे खरं. आणि त्याच महिन्यापासून कोपऱ्यात डाग यायला लागले.

डाग सगळ्यांच्याच कामात येत होते. हे मला नंतर कळलं. त्यानं एकट्या माझ्या पीसवर माझ्या नावाचं स्टिकर लावायला लावलं होतं. डागाच्या पीसवर जिथं नाव असेल तिथंच दोष सापडणार.

त्या दिवसानंतर माझं टेबल वेगळं केलं. बाथरूमच्या दाराजवळ, रिकाम्या खोक्यांच्या बाजूला. आणि मला हातमोजे, एकावर एक दोन जोड. बाकीच्यांना एकच. दोन मोज्यांत स्क्रू बोटाला लागत नाही. खाली पडायचा, मी टेबलाखाली शिरून शोधायची, आणि वरून कुणीतरी म्हणायचं, "बघा."

घरी येऊन मी नखं मुळापासून कापली. रक्त आलं. मनात एकच घोळत होतं, की आमच्यात कुणी चामड्याचं काम करत नाही. पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली. वडील टपालात होते. हे त्याला सांगायला पाहिजे होतं. दोन दिवस मी हेच पाठ करत होते. मग माझी मलाच लाज वाटली. म्हणजे आम्ही ते काम करत असतो, तर त्याचं बोलणं बरोबर होतं? आमच्या मिरजेत तबल्यावर कातडं चढवणाऱ्याला लोक उस्ताद म्हणतात. त्याच्या पाया पडतात. शिवी तेवढी आमच्यासाठी राखून ठेवलेली.

शालनवहिनी माझ्या शेजारी बसायची. आष्ट्याकडची, घरची उसाची शेती, दीर मिलिटरीत. पाच वर्षं आम्ही डबे एकत्र उघडले. तिला मी जेवताना विचारलं, "वहिनी, तुमच्या पीसला डाग येतोय का?"

तिनं आधी केबिनकडं बघितलं. "येतोय की. लय येतोय. पण तू माझं नाव काढू नगंस. तुझं आधीच झालंय, आता माझं कशाला?"

ती वाईट बाई नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

माझी आई मिरजेत एका दवाखान्यात आया आहे. एके दिवशी चहा पिताना ती सहज म्हणाली, "आमच्याकडं नवीन डबडी आल्यात. कोपऱ्यातला आकडा दिसत न्हाई बघ. सिस्टर वाकून वाकून बघत्यात."

"कुठला कोपरा?"

"खालचा. उजव्या अंगाचा. ऑक्सिजनचा आकडा असतो त्यो."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आठ दिवस मी माझ्या अपमानात बुडाले होते, आणि तिकडं कुणाचा तरी श्वास त्या डागाखाली झाकला जात होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावरच थांबले. मोजे काढले. रिकामा डबा घेतला, खुंट्यांवर स्क्रीन नुसती ठेवली, स्क्रू न लावता. पॅकिंगच्या कागदाची पट्टी कापून चौकटीखाली सरकवून बघितली. पहिल्या खुंटीवर शिरेना. दुसरीवर नाही. तिसरीवर नाही. चौथीवर, खाली उजवीकडं, पट्टी सरळ आत गेली. दुमडून घातली, तरी गेली. चौथी खुंटी ठेंगणी होती. दुसरा डबा घेतला. तेच. सहा डबे बघितले. सहाही तसेच. साचाच चुकला होता.

म्हणजे स्क्रू आवळला की चौकट त्या ठेंगण्या खुंटीपर्यंत खाली ओढली जायची, आणि स्क्रीनला पीळ बसायचा. पीळ बसला की आतला उजेड तिथून फुटायचा. चारही स्क्रू लावले, वायर जोडून स्क्रीन चालू केली, आणि चौथा स्क्रू सैल केला. डाग विरला. आवळला. डाग आला. जुन्या डब्यात फोम होता, तो असला फरक पोटात घ्यायचा. साहेबाला बारीक डबा पाहिजे होता.

आणि स्क्रू कुणी आवळत होतं? इलेक्ट्रिक ड्रायव्हर. किती जोर लावायचा ते साहेबानंच ठरवून लॉक केलेलं. माझ्या हातानं काही ताणलंच जात नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं. बोलताना, पेनानं माझी बोटं उलटताना ठाऊक होतं.

मी कागदाची पट्टी घेऊन केबिनमध्ये गेले. सांगितलं. त्यानं पट्टीकडं बघितलंसुद्धा नाही.

"तू मला डिझाइन शिकवणार?"

दोन दिवसांनी दवाखान्यातून मॉनिटर परत आले. मोठे मालक आले, दवाखान्याचे खरेदीवाले आले. साहेबानं मला सगळ्यांसमोर बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे केला. माझ्या निष्काळजीपणामुळे दोष निर्माण झाला, असं त्यात होतं. खाली माझं नाव, सहीला जागा.

"सही कर. नोकरी राहील."

मी वाचला. दोनदा. हातमोजे काढले, चारही, आणि त्या कागदावर ठेवले.

"सही करणार न्हाई."

मालक म्हणाले, "अगं पोरी, ऐक."

मी नवीन डबा आणि नवी स्क्रीन त्याच्यापुढं ठेवली. आवाज कापत नव्हता, हे मला बोलतानाच कळलं. "साहेब, हा एक पीस तुमी बसवा. तुमच्या हातानं."

तो हसला. पण खरेदीवाले टेबलाशी सरकले होते, म्हणून त्याला बसावं लागलं. त्यानं हळू, सांभाळून चार स्क्रू लावले. वायर जोडली. स्क्रीन चालू केली आणि काळ्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात पांढरा डाग उमटला.

खरेदीवाले वाकून डाग बघायला लागले.

"आता तुमी हात दाखवा, साहेब," मी म्हणाले.

त्याचा चेहरा लाल झाला. मी पट्टी घेऊन चौथी खुंटी मालकांना दाखवली. त्यांनी स्वतः पट्टी आत सरकवून बघितली. मग एवढंच म्हणाले, "साचा दुरुस्त करून घ्या." भाच्याकडं न बघता. माझ्याकडंही न बघता.

साचा दुरुस्त झाला. खुंटी उंच झाली, फोमची पट्टी परत आली. दवाखान्यातले मॉनिटर बदलून दिले. दोष शोधल्याबद्दल मीटिंगमध्ये भाच्याचं कौतुक झालं. मला जुन्या टेबलावर बसायला सांगितलं. कुणी माफी मागितली नाही. शालनवहिनीनं चहा आणून ठेवला. "झालं गेलं सोड आता," म्हणाली.

काय सोडू? स्क्रीनचा डाग गेला. बोललेलं वाक्य कुठं गेलं? अकरा बायकांच्या कानात आहे ते. साचा चुकला तर दुरुस्त करतात, वाक्याचं म्हणे सोडून द्यायचं.

मी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेले. आई बरोबर आली. हवालदारानं अर्ज वाचला, खुर्ची दिली, पाणी दिलं. समजुतीनं मिटवा म्हणाला. मी नाही म्हणाले. मग तो लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता, "वरिष्ठांनी अपशब्द वापरले."

"अपशब्द नको," मी म्हणाले. "काय बोलला ते लिहा. आधी काय, नंतर काय, समोर किती बायका होत्या. सगळं."

"ताई, अर्थ एकच होतो."

"न्हाई होत."

त्यानं पेन खाली ठेवलं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि ती बाकावर नीट मागं टेकून बसली.

दुपार उलटली. त्यानं लिहिलं. मी अक्षर न् अक्षर वाचून सही केली. मालकांचा दोनदा निरोप आलाय. साक्षीला अकरापैकी एकही येईल असं वाटत नाही. शालनवहिनी माझ्याशी बोलायची बंद झालीय. मी रोज आठ वाजता कारखान्यात जाते, सगळ्यांच्या मध्ये बसते, उघड्या हातांनी काम करते. नोकरी सोडणार नाही. अर्ज मागं घेणार नाही. कोर्टात तारीख पडेल तेव्हा साहेबाच्या तोंडावर ते वाक्य मी उभी राहून वाचणार आहे, आणि ते त्याला बसून ऐकावं लागेल.